लाल बिल्ला

आमच्या बेटावरच्या कॅनू क्लबात चौदा सभासद, नऊ होड्या आणि एकच कडक नियम. पाण्यात जाताना शेडमधल्या फळ्यावरचा आपल्या होडीच्या नंबरचा लाकडी बिल्ला लाल बाजूने करायचा, परत आलं की पांढऱ्या. ज्याचा त्याने, स्वतःच्या हाताने. फळ्यावर एकही लाल असेल तोवर शेडला कुलूप नाही. हा नियम ताईंचा. ताई म्हणजे माझी थोरली नणंद, वय अडुसष्ट, क्लब त्यांनीच काढला. सहा वर्षांपूर्वी सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात घातलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "तुला सगळं जमेल. फक्त हात जागेवर ठेवायला शीक."

तेवढंच जमलेलं नाही. रिकामी बसले की माझे हात शिवशिवायला लागतात. मी वल्ही उंचीप्रमाणे लावते, लाइफ जॅकेटांचे पट्टे सारखे करते, लावलेली वल्ही पुन्हा लावते. त्यात आमचे सभासद एकापेक्षा एक. पाण्यातून येतात, गप्पा हाणत घरी जातात आणि बिल्ला तसाच लाल. प्रत्येकाला फोन करून विचारत कोण बसणार? रॅकवर होडी दिसली की मीच बिल्ला उलटून मोकळी व्हायचे. वर मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटायचे.

त्या दिवशी दुपारपासूनच मला चैन नव्हतं. वारा फिरला होता आणि शेडचा पत्रा एकसारखा वाजत होता. रंगाचे डबे पायात येत होते, ते उचलून मी पाच नंबरच्या रिकाम्या जागेत सारले. मग जेटीवर जाऊन आले. मग उगाचच झाडलं. साडेचारला फळ्याकडे बघितलं तर फक्त तीन नंबर लाल. ताईंचा. रॅककडे बघितलं तर तीन नंबरच्या जागी होडी होती. आमच्या होड्या सगळ्या हिरव्या, एका मापाच्या. नंबर नाकावर, आणि नाक भिंतीकडे.

"नियम करणाऱ्याच विसरल्या," मी मोठ्याने म्हणाले. मला जरा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? बिल्ला उलटला, कुलूप लावलं आणि घरी आले.

घरी चहा ठेवला तेवढ्यात पोस्टमनचा फोन. त्याची होडी पाच नंबरची.

"सेक्रेटरीबाई, आधी ओरडू नका. माझ्या जागेवर रंगाचे डबे होते, म्हणून होडी ताईंच्या जागेत ठेवली. त्या आल्या की सांगाल ना?"

म्हणजे तीन नंबरच्या जागी दिसली ती होडी त्याची होती. गॅस बंद केला की नाही तेही आठवेना. ताईंना फोन करण्यात अर्थ नव्हता, त्या पाण्यात फोन नेत नाहीत. चपला घालून धावत जेटी गाठली. क्लबचा मेकॅनिक मोटरबोटीचं इंजिन पुसत बसला होता.

"ताई बाहेर आहेत," मी म्हणाले.

"अहो, फळा पांढरा आहे. आत्ताच खिडकीतून बघितला."

"मी केला पांढरा! चल आधी!"

त्याने फडकं फेकलं आणि इंजिन चालू केलं. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बोट सुटली. लाटा तोंडावर येत होत्या आणि मी उभी राहत होते, बसत होते, पुन्हा उभी राहत होते. शेवटी तो खेकसला, "एका जागी बसा हो, बोट कलंडेल!" मी बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. भरती लागली होती आणि मला एवढंच कळत होतं की घरी जाऊन चहा ठेवण्यात मी वीस मिनिटं घालवली.

बेटाच्या मागे वाळूचा एक दांडा आहे, भरतीला तो बुडतो. ताई तिथे उभ्या होत्या. पाणी कमरेला, एका हातात होडीचा दोर, दुसऱ्या हातात मोडलेलं वल्हं. ओढून बोटीत घेतलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. मी त्यांच्या अंगावर माझी ओढणी, मेकॅनिकचा शर्ट, हाताला लागेल ते टाकत होते.

"उशीर केलास गं," दात वाजत असतानाच त्या म्हणाल्या. "पण मी निवांत होते. म्हटलं, माझा बिल्ला लाल आहे, म्हणजे ही कुलूप लावणार नाही. पोहत निघणार होते एकदा, पण मग म्हटलं, कशाला? ती येतेच आहे."

मेकॅनिक दुसरीकडे बघायला लागला. मला गप्प बसता आलं असतं. तो बोलला नसता.

"ताई, बिल्ला मी उलटला होता. कुलूपही लावलं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. मोडलेलं वल्हं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि जेटी येईपर्यंत फक्त पाण्याकडे बघत राहिल्या.

चार दिवस त्या आल्या नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी मी बँकेत गेले असताना येऊन, फेरी मारून गेल्या. संध्याकाळी बघते तर तीन नंबर लाल. होडी रॅकवर. वाकून, भिंतीला गाल लावून नाकावरचा नंबर वाचला. तीनच होता. हात बिल्ल्यापर्यंत गेला, तो मागे घेतला. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. मग शेड तशीच उघडी टाकून चढावरून त्यांच्या घरापर्यंत जवळजवळ पळत गेले.

दार उघडंच होतं. ताई पायरीवर बसल्या होत्या, फोन शेजारी ठेवून.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "बघत होते, येतेस का."

मला रडू आलं आणि रागही आला. "चला," मी म्हणाले, "तुमचा बिल्ला उलटायचा राहिलाय."

त्यांनी चपला शोधल्या, माझा दंड धरला आणि आम्ही उतार उतरायला लागलो. मला घाई होती. त्या मुद्दाम सावकाश चालत होत्या.