डावीकडचं व्हायोलिन

कानसेनांनी पहिला हेडफोन डोक्यावरून अलगद उतरवला, पेटीत ठेवला आणि क्षणभर डोळे मिटून बसले. हेडफोनांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या टाकून बसलेली मंडळी पुढे झुकली. कानसेनांचं खरं नाव आता फारसं कुणाच्या लक्षात नव्हतं. महागड्या हेडफोनांवर ते लिहीत आणि लोक ते वाचून खिशात हात घालत, म्हणून सगळे त्यांना कानसेनच म्हणत.

"हा उबदार आहे," ते म्हणाले. "खर्ज भरदार, गाणाऱ्याचा आवाज अगदी जवळ. थंडीत रजई ओढून घ्यावी तसं. पण रजईत जरा गुदमरतंही."

लोक हसले. पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेकही हसली. ती आली होती गाडी चालवायला; पण बाबांचा असा तोरा बघायला तिला मनापासून आवडे.

दुकानदाराने दुसरा हेडफोन पुढे केला. याच्या कानांवरच्या दोन्ही वाट्यांना वेगवेगळ्या वायरी होत्या. कानसेन तो चढवत असताना डावी वायर खुर्चीच्या हाताला अडकली. त्यांनी ती हिसका देऊन सोडवली. गाणं तेच होतं, त्यांना तोंडपाठ असलेलं. उजव्या कानात झांज खणखणली, अगदी लख्ख. डाव्या कानात काही नव्हतं. गेलं वर्षभर त्या कानात काहीच नसे, आणि हे घरात कुणालाही ठाऊक नव्हतं.

"हा मोकळा आहे," ते म्हणाले. "घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्यासारखा. खर्ज थोडा हडकुळा, पण प्रत्येक वाद्याला बसायला स्वतःची जागा. आणि दुसऱ्या कडव्याआधीचं ते व्हायोलिन! पडद्याआडून कुणी डोकावावं तसं डावीकडून हळूच येतं. पहिल्यात ते गर्दीत हरवतं."

माना डोलल्या. दुकानदार खुशीत येऊन म्हणाला, "आता दुसरं कुणीतरी ऐका. मास्तर, या की!"

मास्तर मागच्या रांगेतून उठले. शाळेतून निवृत्त झालेले, अंगाने बारीक, तेही हेडफोनांवर लिहीत. गेल्या वर्षी याच खोलीत दोन वायरींच्या आवाजातला फरक ते समजावून सांगत होते, तेव्हा कानसेन मध्येच म्हणाले होते, "मास्तर, एकदा कान तपासून घ्या." असा हशा पिकला की मास्तरांनी हातातल्या वायरी तिथेच ठेवल्या आणि ते गुपचूप जागेवर जाऊन बसले. त्यानंतर त्यांचं लिहिलेलं कुणाच्या वाचनात आलं नव्हतं.

मास्तरांनी हेडफोन चढवला. गाणं सुरू झालं तशा त्यांच्या भुवया आक्रसल्या. त्यांनी डाव्या वाटीवर बोटं टेकवली, मग बोटं खाली नेली. डावी वायर वाटीच्या भोकातून निसटून नुसती लोंबत होती.

ते कानसेनांनीही पाहिलं. डावी बाजू मुकी होती. त्याच बाजूला त्यांनी भरल्या खोलीला व्हायोलिन दाखवलं होतं.

मास्तरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. कानसेनांना उघडं पाडायला एक वाक्य पुरलं असतं. खोली ते ऐकायला बसलीच होती.

मास्तरांनी अंगठ्याने वायर आत दाबली, डोळे मिटले आणि गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"कानसेन म्हणतात तसंच आहे," ते म्हणाले. "व्हायोलिन डावीकडूनच येतं."

टाळ्या पडल्या. लेकही टाळ्या वाजवत होती. कानसेनांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

मंडळी पांगल्यावर त्यांनी मास्तरांना जिन्याखाली गाठलं. मास्तर पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. लेक मागोमाग उतरली आणि बाबांच्या उजव्या हाताला उभी राहिली.

"मास्तर, गेल्या वर्षी मी बोललो ते... चुकलंच माझं. माफ करा."

मास्तर त्यांच्या डाव्या बाजूला होते. बाहेर रस्त्यावर वाहनं धडधडत होती. मास्तरांचे ओठ हलले. कानसेनांनी हसून मान डोलावली, वर्षभर सगळ्यांसमोर डोलावत आले होते तशीच.

मास्तरांचा हात नाडीवरच थांबला.

"बाबा, हो काय म्हणताय?" लेक पुटपुटली. "मला दुखवायला मुद्दाम बोललात का, असं विचारलं त्यांनी."

हसू अजून कानसेनांच्या तोंडावर होतं. ते पुसून टाकायलाही त्यांना वेळ लागला. ऐकण्यात चूक झाली, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

"मुद्दामच," ते म्हणाले. "त्या दिवशी सकाळीच कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. डाव्या कानाने आता ऐकू येणार नाही म्हणाले. संध्याकाळी इथे आलो, तर तुम्ही इतकं बारीक काही ऐकून सांगत होतात... मला सोसलं नाही."

 लेकीने आपली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मास्तरांनी नाडीची गाठ सावकाश पुरी केली आणि उठले. निघून गेले नाहीत. कानसेनांना वळसा घालून उजव्या बाजूला आले.

"माफ करायला मला थोडा वेळ लागेल," ते म्हणाले.

कानसेनांना शब्द न् शब्द ऐकू आला.