सात क्रमांकाची तळटीप

मी एक जुनी तळटीप आहे. मित्रांनो, संगणकावरच्या ज्ञानकोशात वाक्याच्या शेवटी एवढासा आकडा लटकलेला असतो. त्यावर बोट ठेवलं की पान सर्रकन खाली जातं आणि 'हे आम्हाला कुठून कळलं' ते सांगणारी एक ओळ दिसते. तशीच एक ओळ मी. माझा क्रमांक सात. होता, म्हणायला हवं. आता मी त्या पानाच्या जुन्या आवृत्त्यांत पडून असते. तिकडे सहसा कुणी फिरकत नाही, पण मला स्वस्थता म्हणून नाही.

माझं पान एका स्टीमपंक मेळ्याचं. वीज आलीच नसती आणि जग वाफेवरच चाललं असतं तर, अशी कल्पना करून ही मंडळी पितळी चष्मे, लांब कोट आणि दातेरी चाकं लावलेल्या टोप्या घालून दरवर्षी एका बंद पडलेल्या पंपघरात जमतात. माझ्या डोक्यावर वाक्य होतं ते असं: 'हा मेळा समितीच्या अध्यक्षांनी सुरू केला. पहिल्याच वर्षी पंपघरात तीनशे बारा लोक आले.'

हे वाक्य माझ्याआधी जन्मलं होतं. अध्यक्षांच्या पुतण्याने काकांवरच्या प्रेमापोटी ते लिहून टाकलं. पानाची देखभाल एक निवृत्त मुद्रितशोधक करत. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेला. दूध पांढरं असतं म्हटलं तरी 'कुठे छापलंय?' विचारणारा माणूस! त्यांनी वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण लावली. चार महिन्यांनी एका वर्तमानपत्रात मेळ्यावर लेख आला आणि त्यात हेच वाक्य, याच आकड्यासह. मुद्रितशोधक हरखले. खूण काढून त्यांनी मला तिथे बसवलं. वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक, सगळं कसं जिथल्या तिथे. 'आधार असावा तर असा,' असं कुणीतरी चर्चापानावर लिहिलंही. खोटं कशाला सांगू, मी तोऱ्यात होते.

मग एके सकाळी वाचनालयात, मुद्रितशोधकांच्या नेहमीच्या टेबलापाशी, शिवणकाम करणारी एक बाई येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं, पहिल्या मेळ्याचं एक हस्तपत्रक.

"भाऊ, हा मेळा आमच्या ह्यांनी सुरू केला. घड्याळं दुरुस्त करायचे ते. दुकानाच्या माळ्यावर अकरा माणसं जमली होती. सगळ्यांचे कोट मी शिवले. दुसऱ्या मेळ्याआधीच हे गेले."

मुद्रितशोधकांनी पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं. "ताई, तुमच्यावर अविश्वास नाही हो. पण हे तुमच्याच घरातून आलंय. उद्या अध्यक्षही असाच कागद आणतील. आम्हाला कुणाचीच बाजू घेता येत नाही. बाहेरच्या कुणी छापलेलं असेल तेच चालतं."

"म्हणजे जो तिथे होता त्याचं खोटं, आणि जो नव्हता त्याचं खरं?"

त्यांनी पत्रक पुन्हा पिशवीत घालून तिच्या हातात दिलं. मित्रांनो, नियम चांगलाच होता, मी आजही म्हणते. तो नसता तर ज्याच्या त्याच्या काकाने मेळे सुरू केले असते. खोट होती ती माझ्यात.

त्या दिवसापासून तो घड्याळजी माझ्या मानगुटीवर बसला. कुणी माझ्यावर बोट ठेवलं की वाक्याच्या मागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. तो भांडत नसे, काही मागत नसे, नुसता उभा. माझ्या भरवशावर पंपघराच्या दाराशी अध्यक्षांच्या नावाची पितळी पाटी लागली. तिचा फोटो माझ्याच पानावर आला. फोटोच्या कोपऱ्यात ती बाई बसलेली होती, कुणाचा तरी उसवलेला कोट शिवत, पाटीकडे पाठ करून. त्या फोटोची मला भीती वाटायची.

अशी सात वर्षं गेली. एकदा पानावर पंपघराची माहिती भरताना मुद्रितशोधकांना अग्निशमन खात्याची नोंद सापडली: आत जास्तीत जास्त दोनशे माणसं. मग तीनशे बारा मावली कशी? त्यांनी लेख लिहिणाऱ्या बातमीदाराला फोन लावला.

"तो आकडा तुम्हाला कुठून मिळाला?"

"अहो साहेब, तुमच्याच ज्ञानकोशातून!" बातमीदार हसला. "तुम्ही लोक सगळं तपासूनच लिहिता ना?"

मुद्रितशोधकांनी जुन्या आवृत्त्या उघडल्या. वाक्य लेखाच्या चार महिने आधीचं. वाक्य माझ्या आधारावर, मी लेखाच्या आधारावर आणि लेख त्या वाक्याच्या! आंधळ्याने आंधळ्याचा हात धरावा तसे आम्ही चाललो होतो.

ते त्याच दुपारी बाईच्या दुकानात गेले. "ताई, चूक माझी आहे," म्हणाले आणि तिच्यासमोर त्यांनी वाक्य खोडलं. वाक्याबरोबर मीही गेले.

"आता ह्यांचं नाव घालाल?"

"नाही घालता येणार. बाहेरचा आधार अजूनही नाही." त्यांनी लिहिलं: 'मेळा कोणी सुरू केला, याची विश्वसनीय नोंद मिळत नाही.'

बाईने ते दोनदा वाचलं. "सात वर्षं ह्यांच्या जागेवर दुसरंच कुणी बसलं होतं. उठवलंत, बरं केलंत. आणि ती पाटी?"

"पाटी माझ्या हातात नाही, ताई."

पाटी अजून तिथेच आहे. दरवर्षी नवे लोक ती वाचतात आणि खरं मानून घरी जातात. घड्याळजीही अजून माझ्यापाशी येतो. त्याला काय सांगू?

मित्रांनो, छापलेल्या ओळीचा मान जरूर राखा, पण तिच्यावर बोट ठेवलंत की तिला एवढं विचारा, 'बाई गं, तुला हे कुणी सांगितलं?' सात वर्षांत हजारो लोक माझ्यापर्यंत आले. एकानेही विचारलं नाही, आणि मला आपणहून बोलता येत नव्हतं.