हर्शेलचं गाणं कुठे संपतं

आमच्या हर्शेलसारखी गिटार मिसिसिपीच्या या टेकड्यांत कोणी वाजवत नाही. मी त्याची बायको आहे म्हणून सांगत नाही. बायको म्हणून विचाराल तर त्याला साधं कुंपण धड घालता येत नाही. पण चाळीस वर्षं दर शनिवारी मी अंगणात मासे तळले, त्याने ब्लूज वाजवला आणि चार गावांची माणसं धूळ उडवत नाचली. त्याचं गाणं संपायचं कधी? नाचणाऱ्यांचे पाय दमले की. वाजवताना तो मान खाली घालून पायच बघत असायचा.

साठी उलटल्यावर त्याला मेम्फिसच्या एका रेकॉर्डवाल्याचं बोलावणं आलं. मरायच्या आधी आपली एक तबकडी निघावी, एवढीच त्याची इच्छा होती. मीही गेले, डब्यात तळलेली कोंबडी घेऊन.

काचेच्या खोलीत आम्ही दोघंच. हर्शेलने सुरुवात केली, आणि गडी थांबेचना! टेप संपली. दुसरी लावली, तीही संपली.

"मिस्टर पेटस, तबकडीवर तीनच मिनिटं मावतात, तेवढ्यात आवरा हो," रेकॉर्डवाला वैतागला. "ही शेवटची टेप. नाही जमलं तर घरी जा."

हर्शेलला घाम फुटला. "व्हर्लीन, थांबू कुठे गं? इथे नाचणारे पायच नाहीत."

"मग माझे काय शोभेला आहेत?"

आवाज नको म्हणून बूट काढले आणि गालिच्यावर नाचायला लागले. छप्पन्न वर्षांची बाई, अंगात चर्चला जायचा झगा! काचेपलीकडे रेकॉर्डवाल्याने आ वासला. तिसऱ्या मिनिटाला उजव्या गुडघ्यात कळ आली आणि मी खुर्ची धरली. हर्शेलने तिथेच गाणं संपवलं.

तीच ती तबकडी. आता लांबलांबून लोक येतात. गाणं इतकं नेमकं संपवायला कुठे शिकलात, म्हणून विचारतात.

"हिच्या गुडघ्याला विचारा," तो म्हणतो. मला लाज वाटते, अभिमानही वाटतो. अभिमान जास्त.

यंदा माझे दोन्ही गुडघे गेले. त्याचीही बोटं सुजतात, म्हणून रोज एकच गाणं, असं आमचं ठरलंय. मी खुर्चीत बसते, तो समोर बसून माझ्या पायांकडे बघत वाजवतो. नाचता येत नसलं तरी अंगठा हलतो माझा. अंगठा थांबला की गाणं संपलं.

काल जेवण गार झालं, तरी मी अंगठा थांबवला नाही.