चौसष्टावी खोली

घरोघरी टीव्हीला जोडायचा तो छोटा काळा कॉम्प्युटर पहिल्यांदा आला, तेव्हा लोकांनी तो मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून घेतला आणि खेळायला वापरला. त्या मशीनचं नाव ज्या दहा खेळांनी केलं, त्यांचं प्रदर्शन भरलं होतं. दहा टेबलं, दहा जुनी मशीन्स. सातव्या टेबलावर ‘तळघर’ होता. तो लिहिणारा माणूस शेजारीच खुर्चीवर बसला होता. चाळीस वर्षांपूर्वी कंपनीत त्याला सगळे कासव म्हणत, कारण तो एकेक ओळ तीनदा तपासायचा.

तरीही एक ओळ सुटली होती. ‘तळघर’मध्ये चौसष्ट खोल्या होत्या. एकतिसाव्या खोलीतलं वटवाघूळ दर खेळात कधी ना कधी पडद्याच्या कडेबाहेर उडायचंच, आणि मग मेमरीत भलत्याच जागी एक आकडा बदलायचा आणि सत्तावन्नाव्या खोलीतली किल्ली दगडाच्या आत जाऊन बसायची. किल्लीशिवाय शेवटचं दार उघडत नसे. खेळाची कॅसेट दुकानांत पोचल्यावर नऊ दिवसांनी हे कासवाच्या लक्षात आलं आणि त्यानं ते कंपनीच्या मालकांना सांगितलं.

मालक मात्र हसले होते. “अवघड आहे म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची!”

आणि खरंच, कुणालाच न जिंकता आलेला खेळ म्हणून ‘तळघर’ गाजला. पत्रांचा पाऊस पडला. सगळ्यांना एकच छापील उत्तर जाई. ते कासवानंच लिहिलं होतं: ‘चूक खेळात नाही. धीर धरणाऱ्यालाच दार उघडतं. पुन्हा प्रयत्न करा.’

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक बाई टेबलापाशी आल्या. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करत असाव्यात. बोटांच्या पेरांना पांढरी भुकटी चिकटली होती. हातात कागदाची गुंडाळी होती.

“हा खेळ तुम्ही केलात ना? माझ्या भावानं याचा नकाशा काढला होता.”

त्यांनी आलेखाचे कागद चिकटवून केलेला तो नकाशा टेबलावर पसरला. पेन्सिलीनं काढलेल्या त्रेसष्ट खोल्या, त्यातली प्रत्येक शिडी, प्रत्येक वटवाघूळ. कासवाला स्वतःलाही इतकं आठवत नव्हतं.

“पंधरा वर्षांचा होता. पाठीच्या दुखण्यानं दोन वर्षं अंथरुणावर. टीव्ही त्याच्या पायांशी ठेवला होता आम्ही. मी धाकटी, कॅसेट लावून द्यायचे. दादा म्हणायचा, दार उघडलं की तुला पहिलं बोलावीन.”

कासवाची नजर सत्तावन्नाव्या खोलीवर गेली. तिथे दगडाच्या आत किल्ली काढली होती आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘किल्ली दगडात अडकते. वटवाघळामुळे? की माझंच चुकतंय?’

“हे त्यानं तुम्हाला कळवलं होतं,” बाई म्हणाल्या. “तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं, चूक खेळात नाही. मला एवढंच विचारायचंय, ते दार कसं उघडतं?”

वटवाघळाचं पत्र कासवाला आठवत होतं. शेकडो पत्रांत ते एकच बरोबर होतं. त्यानं ते वाचलं होतं, घडी घातली होती आणि छापील उत्तर पाकिटात सरकवलं होतं.

“ताई, ते दार उघडत नाही.” तो म्हणाला. “तुमच्या भावाचं बरोबर होतं. चूक माझी होती. मला माहीत होती.”

बाई हळूच म्हणाल्या, “उत्तर आलं त्या दिवशी त्यानं टीव्ही भिंतीकडे वळवायला सांगितला. आईला म्हणाला, आता माझं डोकंही चालेनासं झालंय. डॉक्टर सांगायचे, डोकं शाबूत आहे. त्याला पटेना. पुढे कुणाशी बोलायचाच नाही. सात आठवड्यांनी गेला.”

“मी... मला माफ...”

“नको.” त्यांनी हात वर केला. “मी आले ते दादा जरा कुठे कमी पडला असेल असं समजून. तेच बरं होतं हो.”

त्या नकाशा गुंडाळू लागल्या. कासव मदतीला पुढे झाला, तर त्यांनी गुंडाळी छातीशी धरली. नाव, पत्ता काहीही न सांगता त्या निघून गेल्या.

कासव तडक आयोजकांकडे गेला. “माझ्या टेबलावरची पाटी बदला. खेळात दोष होता असं लिहा.”

“अहो सर, कशाला?” आयोजकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आजवर कुणी जिंकलं नाही, म्हणून तर लोक बघायला येतात. आता चला, तुमचा सत्कार आहे.”

त्याला मंचावर नेलं. टाळ्या वाजल्या. माईक हातात आला तेव्हा सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. समोर पन्नाशीतली माणसं पोरांसारखी हसत बसली होती. तो “आभारी आहे” एवढंच म्हणाला आणि खाली उतरला.

घरी बायकोनं विचारलं, “काय हो, कसा झाला कार्यक्रम?”

“चांगला झाला,” तो म्हणाला. बूट न काढताच तो दाराशी स्टुलावर बसला. तिनं दोनदा जेवायला बोलावलं, तरी उठला नाही.