घरघरीचा आडोसा

नवऱ्याने माळ्यावरच्या गार हवेच्या यंत्रातून फिल्टर ओढून काढला, शिडीवरून खाली आणला आणि जेवणाच्या टेबलावर, तिच्या प्रुफांच्या शेजारी, उताणा ठेवला.

"अहो, इथे?"

"बघ तरी."

बघण्यासारखं बरंच होतं. बोटभर जाडीचा राखाडी, लोकरी थर, त्यात गुंतलेले केस, झुरळाचा एक पंख आणि कुणाचं तरी वाळलेलं शेपूट. एखादं जनावर दीर्घ आजाराने चपटं होऊन मेलं असावं, तसं ते पसरलं होतं.

"यात आपली कातडीसुद्धा आहे," तो म्हणाला. "माणसाची कातडी सारखी झडत असते. म्हणजे हे तू आणि मी. खालच्या थरात मुलंही असतील."

हे सगळं कौतुकाने. जणू कुटुंबाचा फोटो दाखवत होता. तिने प्रुफं उचलून छातीशी धरली.

निवृत्त झाल्यापासून त्याला घरात चुका सापडायला लागल्या होत्या. आधी नळ, मग दाराच्या बिजागऱ्या, आणि आता डक्ट. घर घेतलं तेव्हापासून छताआडून जाणारी ती पत्र्याची भुयारं बोलत होती. यंत्र सुरू झालं की आधी धडाम असा दणका, मग अखंड घरघर आणि तिच्यावर तरंगणारी बारीक शिट्टी. पाहुणे दचकत. घरच्यांना ते ऐकू येणं कधीच बंद झालं होतं.

"आता कारण ऐक," तो खुर्ची ओढून बसला. "पंख्याचा जोर ठरलेला. तो तेवढी हवा ढकलणारच. पत्रा पातळ, सांधे पहिल्यापासूनच ढिले. त्यात तू मुलांच्या खोल्यांतल्या हवेच्या जाळ्या बंद करून टाकल्यास."

"मुलं गेल्यावर केल्या. रिकाम्या खोल्या कशाला गार करायच्या?"

"तिथेच चुकलीस. एक जाळी बंद केली की कोंडलेली हवा दुसऱ्या जाळ्यांतून शिट्टी मारत सुटते. दोन केल्या की डक्टचा पत्राच फुगतो आणि बसतो. तोच तो दणका आणि मागोमागची घरघर. वर हा घाण फिल्टर. कळलं?"

"कळलं. आता हे उचला."

चार-पाच दिवस तो डोक्याला फडकं बांधून माळ्यावर सरपटत होता. सांधे चिकटपट्टीने बंद केले, पंख्याच्या तोंडाशी जाड कापडाची बाही बसवली, मुलांच्या खोल्यांतल्या जाळ्या उघडल्या. मग एका संध्याकाळी यंत्र सुरू करून तो कमरेवर हात ठेवून बैठकीत उभा राहिला.

"ऐक."

"काय?"

"तेच तर!"

खरंच काही नव्हतं. हवा येत होती, पण मांजरीच्या पावलांनी. तिने मनापासून त्याचं कौतुक केलं आणि ताटं घेतली.

पहिल्याच घासाला तिला तो ऐकू आला.

आधी तिला वाटलं, त्याचा दात दुखत असेल. पण नाही, ही त्याची नेहमीचीच पद्धत असावी. घास आत गेला की जबडा एकदा कट् करून वाजे. मग ओठ सुटत, मिटत, चिखलात रुतलेली चप्पल काढावी तसे. मग जीभ मागच्या दाढेशी जाऊन काहीतरी उकरून आणी. गिळताना घशात एक दार लागे. आणि सगळ्यावर, समाधानाने, नाकातून एक शीळ. मग पुढचा घास. तिने पोळी खाली ठेवली.

"का गं?"

"भूक नाही."

"मग मी घेऊ?" म्हणून त्याने घेतली. तीही वाजली.

संसाराला तीस वर्षं होऊन गेली होती. तिला या माणसाचे शर्टाचं माप, रक्तगट आणि राजकीय मतं माहीत होती. हे माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिला आणखी बरंच कळलं. तो पाणी गटागटा पितो आणि प्रत्येक पेल्यानंतर "हाऽऽ" करतो, कुणीतरी विहिरीतून वर काढल्यासारखा. पेपर वाचताना अंगठ्याच्या नखाने हनुवटीचे खुंट खरवडतो. चहा तो पीत नाही, ओढतो. ती टेबलाच्या या टोकाला पुस्तकाचं पान ओठांशी पुटपुटत तपासत बसे, चूक दिसली की "च्" करी आणि बोट जिभेला लावून पान उलटे. तेवढ्यात त्या टोकाकडून काहीतरी ओलं ऐकू येई. तो मात्र चष्म्यावरून तिच्याकडे बघत असे. त्याला आपल्या कामात रस वाटायला लागला, असं तिला वाटे.

किळस लपवता येते, असा तिचा समज होता. पण तो शेजारी बसला की तिचा खांदा आपोआप कानाकडे जाऊ लागला. तिने बहिणीला फोन लावला.

"ताई, मी तुझ्याकडे राहायला येऊ?"

"ये की. किती दिवस?"

"ते अजून ठरवलं नाही."

"मारलं का त्यांनी?"

"छे गं! जेवतात."

"काय?"

"जेवतात. मला ते ऐकू येतं."

ताईने यावर हसायला हवं होतं. ती हसली नाही. "आमच्याकडेही तेच," ती म्हणाली. "पण हे बहिरे होत चाललेत, तेवढं सुख आहे."

"ते बहिरे होऊन तुला काय फायदा?"

"टीव्ही मोठा लावतात ना! रविवारी ये. आणि परतीचं बघू नंतर."

बॅग काढून तिने पलंगावर ठेवली. दोन साड्या आत गेल्या. तिसरी हातात घेऊन ती बसून राहिली. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या टीव्हीखाली म्हातारं व्हायचं, आणि कारण विचारलं तर सांगायचं काय? नवरा चावून खातो म्हणून?

दुपारी तो फिरायला बाहेर पडला तेव्हा ती मुलीच्या खोलीत गेली, स्टुलावर चढली आणि जाळीचा खटका ओढला. पट्ट्या मिटल्या. साडी तिने कपाटात परत ठेवली नाही, पण बॅगेतही ठेवली नाही.

चहाच्या वेळी यंत्र सुरू झालं आणि बैठकीतल्या जाळीतून ती शिट्टी आली. तिला त्या शिट्टीच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. समोर बशी ओठांना लागली होती, पण चहा ओढल्याचं निम्मंच ऐकू आलं.

त्याने मान वर केली. "ऐकलंस?"

"काय?"

तो उठला. बैठकीतली जाळी बघितली, हात धरून पाहिला आणि सरळ जिना चढून वर गेला. डावीकडे मुलीची खोली, उजवीकडे मुलाची. तिने कप खाली ठेवला. जाळी आपोआप मिटली म्हणायचं? वाऱ्याने? या माणसाने आयुष्यभर लोकांच्या हिशेबातल्या खाडाखोडी पकडून पगार घेतला होता. वर स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मग थांबून, पुन्हा एकदा.

तो खाली आला तेव्हा हातांना धूळ होती. मोरीत तो बराच वेळ हात धूत राहिला.

"सापडलं काही?" तिने विचारलं.

"छे. सगळं ठीक आहे." तो पेपर उलगडून बसला. "आता एवढं तेवढं व्हायचंच."

हे वाक्य त्याच्या तोंडून तिने कधीच ऐकलं नव्हतं.

"ताईकडे रविवारी जायचं ठरलंय का तुझं?" पेपराआडून प्रश्न आला.

"बघू."

"बघ. आता तशी घाई नाही."

थोड्या वेळाने यंत्र पुन्हा सुरू झालं. वर छतात पत्रा फुगला आणि धडाम करून बसला. मग घरघर, भरघोस, खोली भरून, तिच्यावर शिट्टी. पेपर जरासुद्धा हलला नाही.

वाळत घातलेले कपडे आणायचं निमित्त करून ती वर गेली. मुलीच्या खोलीतली जाळी तिने मिटली होती तशीच मिटलेली होती. तिने मुलाच्या खोलीचं दार ढकललं. स्टूल इथे उभं होतं. वरची जाळीही बंद होती, आणि खटका पार टोकापर्यंत दाबलेला.

दार धरून ती तिथेच उभी राहिली. मनात तिने आपला सबंध दिवस उलटून पाहिला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ती काय खाते, कशी बसते, काम करताना काय करते. बराच वेळ शोधूनही तिला आपल्यात आवाज करणारं असं काहीच सापडेना, आणि तिला त्याचा विलक्षण राग आला.