तळेबुवा आणि पोट वर केलेला मासा

आमच्या वसाहतीतल्या तळ्याभोवती त्या रविवारी इतकी गर्दी होती, की मागच्यांना माशांऐवजी पुढच्यांची डोकीच दिसत होती. तरी 'वा वा' मागूनच जास्त येत होती.

तळ्यात कोई जातीचे मासे आहेत. लाल, पांढरे, सोनेरी, हातभर लांब आणि चांगले माणसाळलेले. मध्यंतरी एका बगळ्याला त्यांचा पत्ता लागला. त्याच्या चोचीने बऱ्याच माशांच्या अंगावर जखमा झाल्या, आणि जखमांच्या मागोमाग तळेबुवा आले. हे नाव आम्ही ठेवलेलं. त्यांचं खरं नाव एवढं लांबलचक होतं, की ते सांगताना बुवांनाही मध्ये दम घ्यावा लागे.

बुवांचा खेळ असा. एका टबात पाणी घ्यायचं. भोवती इतक्या उदबत्त्या लावायच्या, की पुढचे लोक भक्तीने रडतायत की धुराने, ते कळू नये. मग तीर्थाची बाटली दोन्ही हातांनी घुसळत, डोलत मंत्र म्हणायचा आणि तीर्थ टबात ओतायचं. जखमी मासा त्यात सोडला की तो थोडा वेळ झोकांड्या खाई आणि मग पोट वर करून निपचित पडे.

"प्राण माझ्या मुठीत आला," बुवा मूठ उगारून सांगत. "आता घर रिकामं आहे. रिकाम्या घराची डागडुजी सोपी असते, माउल्यांनो."

मग ते जखमेवर एक फुंकर मारत आणि चिमूटभर भस्म दाबत. भस्म ओल्या अंगाला चिकटे आणि तिथे राखाडी कातडी धरे. मासा तळ्यात सोडून बुवा मूठ उघडत. मासा लगेच हलत नसे, कारण प्राणाला परतीची वाट शोधावी लागते म्हणे. प्राणसुद्धा पत्ता विचारत येतो हे मला नव्यानेच कळलं. पण येई खरा. मासा शेपूट हलवत निघून जाई आणि लोक तोंडात बोटं घालत.

मी हसून सोडून दिलं असतं. पण पुढच्या रांगेत खुर्ची टाकून माझी आत्या बसली होती. आत्याला मधुमेह आहे. तिच्या टाचेची जखम भरत नव्हती आणि रोजच्या ड्रेसिंगला ती कंटाळली होती. हयगय केलीत तर पाय जाईल, असं सर्जननी तिला स्पष्ट सांगितलं होतं. बुवांनी मात्र पुढच्या रविवारी टाच भस्माने बुजवून द्यायचं कबूल केलं. मग दवाखान्याची पायरी चढायची गरज नाही म्हणाले. आत्या खूश झाली.

घरी पोचताच मी तावातावाने भाषण सुरू केलं. आत्याने टीव्हीचा आवाज वाढवला. माझी बायको, जी दातांची डॉक्टर आहे, ती माझ्या शर्टाची बाही नाकाशी धरून उभी होती. बुवांना टब उचलू लागताना त्यातलं तीर्थ माझ्या बाहीवर सांडलं होतं.

"उदबत्तीच्या वासाखाली लवंगतेल आहे," ती म्हणाली. "दिवसभर दवाखान्यात हाच वास घेते मी."

आपण दातांच्या डॉक्टर, माशांच्या नव्हे, म्हणून तिने माशांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. पाण्यात बेताचं लवंगतेल घातलं की मासा बेशुद्ध होतो आणि स्वच्छ पाण्यात सोडला की शुद्धीवर येतो. तेल पाण्यात सरळ मिसळत नाही, म्हणून आधी थोड्या पाण्यात घालून बाटली जोराने हलवावी लागते. म्हणजे बुवांचं डोलणं ते एवढ्यासाठी होतं. जखमेवर पाण्यात न सुटणारा थर बसावा म्हणून काही जण चक्क कवळी चिकटवायची पावडर लावतात. पण आधी जखम साफ करावीच लागते. बुवा ती कशाने साफ करतात, असं त्यांनी विचारलं. बायकोने फुंकरीचं सांगितल्यावर त्यांनी तिला ते दोनदा पुन्हा सांगायला लावलं.

रोजचं ड्रेसिंग रविवारपर्यंत तरी चालू ठेवायला तिने आत्याला कसंबसं राजी केलं. रविवारी बुवा उदबत्त्या लावत होते, तोवर तिने शेजारी दुसरा टब मांडला आणि आत्याच्या हातात लवंगतेल घातलेल्या पाण्याची बाटली दिली.

"आज प्राण तुम्ही काढा, आत्या."

"मला जमेल? आणि मंत्र?"

"येईल तो म्हणा. बाटली मात्र जोरात हलवा."

आत्याने बाटली घुसळत बाराचा पाढा म्हटला आणि ती टबात ओतली. बुवांनीच मागे जखम बुजवलेला एक सोनेरी मासा बायकोने टबात सोडला. तो झोकांडला, उलटला, निपचित पडला. आत्याचा चेहरा उतरला.

"अगं, मारला मी त्याला."

"झोपलाय. कल्ले बघा, हलतायत."

मग बायकोने ओल्या कापसाने ती राखाडी कातडी अलगद उचलली. खाली पू होता. वास आल्यावर पुढची रांग मागे सरकली. आत्या मात्र वाकून बघत राहिली.

"माझ्या टाचेत हेच झालं असतं?"

"हो. आणि वरून अगदी छान दिसलं असतं."

बायकोने जखम पुसली, जंतुनाशक लावलं आणि पर्समधून एक डबी काढली. आत्याने ती ओळखली, कारण ती तिच्याच कवळीच्या पावडरीची होती. तिने स्वतःच्या बोटाने पावडर दाबली आणि तसाच पक्का थर धरला. स्वच्छ पाण्यात मासा शुद्धीवर आला आणि निघून गेला. बायकोने लोकांना सगळा प्रकार समजावला आणि बुवांना नम्रपणे साध्या पाण्यात प्राण काढून दाखवायला सांगितलं. बुवा म्हणाले की आज मूठ जड आहे, आणि पेटत्या उदबत्त्या तिथेच सोडून गेले.

आता लोकांचे डोळे उघडले असं मला वाटलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या काकू उठल्या, वाकून आत्याचे पाय धरले आणि माझ्या गुडघ्याचंही बघा म्हणाल्या. त्यांच्यामागे चक्क रांग लागली.

"पाय सोडा आधी, जखम आहे तिथे," आत्या कडाडली. "मला काही येत नाही. बाराचा पाढा म्हटला, तोही मध्येच चुकला. मासा तेलाने झोपला, पाण्याने उठला. तुमच्या समोर झालं ना? तरी वाकताय? अरे, वाकायच्या आधी विचारा तरी, बाटलीत काय आहे म्हणून. आणि दुखत असेल तर डॉक्टरकडे जा. मी तिकडेच चाललेय."

मग ती माझ्याकडे वळली.

"तू काय बघत उभा राहिलायस? गाडी काढ. ड्रेसिंगची वेळ झाली."