दुआत नसलेलं नाव

‘तुन’ हा देशाचा सगळ्यात मोठा किताब सकाळी जबेदाच्या नवऱ्याला, मोख्तारला, जाहीर झाला आणि दुपारपर्यंत घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. नवरा ‘तुन’ झाला की बायकोला आपोआप ‘तो पुआन’ हा मान. कालपर्यंत मोख्तारच्या नावाने बोटं मोडणारे आज वाकून त्याच्या हाताचे मुके घेत होते. दोन ठेकेदार तर पहिला मान कुणाचा म्हणून दारातच एकमेकांना ढकलत होते. शी! जबेदाला त्या हाताकडे बघवेना.

मंत्री असताना त्याच हाताने त्याने टेकडीच्या उतारावर इमारती बांधायला परवानगी दिली होती. इंजिनिअर नको नको म्हणत होते. ऐन पावसात टेकडी खाली आली, आणि जबेदाच्या धाकट्या बहिणीचा, रुबियाचा, एकुलता एक मुलगा फित्री त्या ढिगाऱ्याखाली गेला. चौकशीत दोषी कोण निघालं? पाऊस! तो बिचारा कुठून वकील आणणार?

तेव्हापासून रुबियाने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आज जबेदाने हातापाया पडून तिला आणलं होतं. “मेजवानीआधीच्या दुआत इमाम फित्रीचं नाव घेणार. सगळ्यांसमोर. यांनी शब्द दिलाय मला.”

“यांचा शब्द? ताई, तुला अजून खरा वाटतो तो?” असं म्हणाली, पण आली. मागच्या दाराने येऊन बायकांबरोबर कांदे चिरायला बसली.

दुआ सुरू झाली तशा दोघी बहिणी दाराआड उभ्या राहिल्या. इमामाने तुनसाहेबांना दीर्घायुष्य मागितलं, देशाला सुबत्ता मागितली, आलेल्या पाहुण्यांच्या धंद्याला बरकतसुद्धा मागितली. मग आमीन झालं, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले आणि ताटं आली.

जबेदाने नवऱ्याला बोळात गाठलं. “अहो, नाव?”

“अगं, शुभ दिवशी मयताचं नाव कशाला? मीच सांगितलं इमामाला, राहू दे म्हणून.” त्याच्या तोंडात घास होता, ओठाच्या कडेला रस्सा. “रुबिया आलीय ना? बोलाव तिला. टीव्हीवाले आहेत, एक फोटो काढू. घरच्यांच्या मनात काही नाही हे लोकांना दिसलं पाहिजे.”

या माणसाबरोबर जबेदा जन्मभर जेवली होती.

रुबिया मागेच उभी होती. तिने हात धुतले, पुसले आणि परक्या बाईला करावा तसा वाकून सलाम केला. “अभिनंदन, तो पुआन.”

“रुबी, अगं, मी तुझी ताई...”

“ताई असतीस तर तिथेच तोंड उघडलं असतंस.” आणि ती गेली.

जबेदा तरातरा दिवाणखान्यात शिरली, भर पुरुषांत. “थांबा! एक नाव राहिलंय! फित्री, माझा भाचा. या तुनसाहेबांनी सही केली त्या टेकडीखाली जिवंत गाडला गेला. मागा दुआ त्याच्यासाठी!”

मोख्तारचा चेहरा उतरला. जबेदा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

मग त्या दोन ठेकेदारांतल्या एकाने, घास गालात तसाच ठेवून, रश्शाने बरबटलेले तळवे वर केले. “आमीन.”

“आमीन, आमीन,” सगळे म्हणाले आणि पुन्हा ताटावर वाकले.

“तो पुआन,” कोपऱ्यातून कुणीतरी वाडगा पुढे केला, “मटण आहे का अजून?”